गावाचा पहारा कोणासाठी?

आजचा विषय वरवर लहान दिसतो. एखाद्या मोहल्ल्यातली माणसं एकत्र येतात, रात्रीची सुरक्षा, मुलांची शाळा आणि रस्त्यावरची रहदारी अशी कामं अंगावर घेतात. याचा इतिहास काय? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, त्यामुळे त्यात आम्ही आणखी एक प्रश्न घालतो: गाव पहारा देतं तेव्हा ते नेमकं कोणासाठी जागं असतं?

वरठीपासूनच सुरुवात करू. रेल्वेच्या पाटीवर हे गाव 'भंडारा रोड' आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकात इथून गेली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती पुढे ताब्यात घेतली. भंडारा शहर राहिलं बाजूला आणि स्टेशन आलं वरठीला. 'रोड' या शब्दाचा अर्थच तो: इथे उतरा आणि पुढे रस्त्याने जा. म्हणजे तेव्हापासून वरठी हे अनोळखी माणसांच्या ये-जा करण्याचं गाव झालं. पुढे पोलाद कारखाना आला, ट्रक आले, कामगार आले. जुन्या गावात प्रत्येक चेहरा ओळखीचा असे. स्टेशनच्या गावात ती सोय नाही. अशा ठिकाणी शेजार आपोआप होत नाही, तो घडवावा लागतो.

जुन्या व्यवस्थेत पहारा होताच. मध्य प्रांतात मालगुजार होता, त्याच्या हाताखाली कोतवाल. मराठी मुलखात ही राखणदारीची कामं बहुधा महार समाजाच्या वाट्याला येत. गंमत पाहा, खरं तर गंमत नाही: वेशीवर रात्रभर जो जागा राहायचा, त्याचं घर मात्र वेशीबाहेर. गाव त्याच्या जागरणावर निर्धास्त झोपायचं, पण गावाच्या निर्णयात त्याला जागा नव्हती. राखण त्याची, गाव दुसऱ्याचं.

१९५१ साली आपल्याकडची मालगुजारी संपली. चार वर्षांनी, १९५५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. तिच्यात ग्रामरक्षण आणि जीवनशिक्षण असे स्वतंत्र अध्याय आहेत. विदर्भातल्या कितीतरी गावांत सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई यांच्या निमित्ताने लोक एकत्र बसायला शिकले ते याच परंपरेतून. नेमलेल्या माणसाची राखणदारी आता सगळ्यांचं कर्तव्य म्हणून मांडली गेली. हा मोठा बदल होता.

पण 'सगळे' म्हणजे कोण? इथे दोन उदाहरणं शेजारी-शेजारी ठेवू.

पहिलं भिवंडीचं. १९८४ साली तिथे भीषण दंगल झाली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागाचे पोलीस एकत्र बसू लागले. नळावरची भांडणं, गल्लीतल्या कुरबुरी तिथेच निकालात निघू लागल्या. ज्यांना एकमेकांची भीती वाटायची, ते एकमेकांना नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली.

दुसरं उदाहरण लांबचं नाही. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. आपल्याच मोहाडी तालुक्यातलं गाव. एका दलित कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली. तिथे शेजार नव्हता असं कोण म्हणेल? शेजार होता, एकीही होती. पण ती एकी त्या एका घराच्या विरुद्ध उभी राहिली. पुढल्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. मोहिमेचा हेतू चांगला होता, अनेक गावांत वाद गावातच मिटले. मात्र पुढे खैरलांजीलाच तंटामुक्त गाव ठरवलं गेलं, तेव्हा त्यावर टीका झाली. ती रास्तच म्हणावी लागेल. तंटा नसणं आणि न्याय असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुबळा माणूस गप्प बसला तरी कागदावर तंटा दिसत नाही.

यातून आम्ही एक कसोटी काढतो. ज्याला सगळ्यांत जास्त भीती वाटते, त्याला समितीत खुर्ची आहे का? भिवंडीत ती दिली गेली.

शाळेच्या बाबतीत कायद्याने ही खुर्ची लिहूनच ठेवली आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. रहदारीचंही तसंच. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, तिच्यात पालकांनाही जागा आहे. मुलं कोणत्या गाडीत किती कोंबली आहेत, ती कुठे उतरतात, हे तिथे विचारता येतं.

विचारल्याने काय होतं? नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसं दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईवडील आणि मुलं स्वतः रस्त्यावर उतरली, गल्ल्या अडवून त्यांनी खेळायला जागा मागितली. आज तो देश सायकलींसाठी ओळखला जातो. त्या रस्त्यांच्या मुळाशी हे मोहल्ल्यातले आईबाप आहेत.

तेव्हा मंडळी, वरठीत किंवा तुमच्या गावात पुढची बैठक भरेल, तेव्हा अजेंडा वाचण्याआधी खुर्च्यांकडे बघा. सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलीची आई आली आहे का? कारखान्याच्या पाळीवरून रात्री पायी परतणारा कामगार? गावाच्या टोकाला राहणारं घर? ते आले नसतील तर बैठक सुरू करू नका. कोणीतरी उठून त्यांना बोलावून आणा. पहाऱ्याची सुरुवात तिथून होते.