मॅराडोना, दिएगो आर्मांदो : आंतरजालावरील लोकप्रियता

(३० ऑक्टोबर १९६०–२५ नोव्हेंबर २०२०). अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू, १९८६च्या विश्वविजेत्या संघाचा कर्णधार. ऑक्टोबर १९९७मध्ये बोका ज्युनियर्सकडून अखेरचा अधिकृत सामना खेळून निवृत्त. प्रस्तुत नोंद निवृत्तीनंतरच्या लोकप्रियतेपुरती आहे.

फिफाचा कौल : शतकातील सर्वोत्तम खेळाडू निवडण्यासाठी फिफाने २००० साली आंतरजालावर मतदान घेतले. त्यात मॅराडोनाला ५३.६ टक्के मते पडली; दुसऱ्या क्रमांकावरील पेलेला १८.५३ टक्के. त्यानंतर फिफाच्या मासिकाचे वाचक आणि जाणकारांची समिती यांचा वेगळा कौल पुढे आला व त्यात पेले खूपच पुढे होता. ११ डिसेंबर २००० रोजी रोममध्ये दोघांचाही गौरव झाला. पेलेला सन्मान मिळण्यापूर्वीच मॅराडोना सभागृहातून निघून गेला. आंतरजालावर मत देणारे तरुण होते, त्यांनी पेलेला खेळताना पाहिलेच नव्हते, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आक्षेपात तथ्य असले, तरी ज्याचा खेळ दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचला त्याला लोकांनी निवडले, ही गोष्ट उरतेच.

२००२ सालच्या अशाच मतदानात १९८६च्या विश्वचषकातील इंग्लंडविरुद्धचा मॅराडोनाचा दुसरा गोल शतकातील सर्वोत्तम ठरला. मायकेल ओवेनचा १९९८मधील गोल दुसरा आला.

म्यूनिकची चित्रफीत : १९ एप्रिल १९८९, यूईएफए चषकाची उपांत्य फेरी, बायर्न म्यूनिक विरुद्ध मॅराडोनाचा नापोली. सामन्याआधीचा सराव चालू आहे. मैदानावर गाणे वाजते आहे. मॅराडोनाच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या आहेत. चेंडू पायावरून मांडीवर, खांद्यावर, डोक्यावर जातो आणि तो गाण्याच्या ठेक्यावर नाचतो. सामन्यातला एकही क्षण नसलेली ही चित्रफीत आंतरजालावर त्याच्या गोलांइतक्याच आवडीने पाहिली जाते. त्याच्या खेळातला निखळ आनंद एवढा स्वच्छ दुसरीकडे क्वचितच टिपला गेला असेल.

भारत : इंग्लंडविरुद्धचा तो सामना २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत भर दुपारी सुरू झाला, तेव्हा भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दूरदर्शनपुढे जागलेल्या त्या पिढीने अर्जेंटिनाचा पक्ष धरला आणि तो पुढच्या पिढीला दिला. मॅराडोना २००८ व २०१७ साली कोलकात्यात, तर २०१२ साली कन्नूरला येऊन गेला. त्याच्या निधनानंतर केरळच्या क्रीडाक्षेत्रात दोन दिवसांचा दुखवटा पाळण्यात आला.

महाराष्ट्र : तालीम मंडळांच्या संघांमुळे फुटबॉल रुजलेल्या कोल्हापुरात विश्वचषकाच्या काळात पेठापेठांतून अर्जेंटिना व ब्राझीलचे झेंडे लागतात.

मूल्यमापन : ‘देवाचा हात’ म्हणून गाजलेला इंग्लंडविरुद्धचा पहिला गोल आणि मैदानाबाहेरचे वाद यांवर मतभेद कायम आहेत. नव्या वाचकाने दहा सेकंदांच्या तुकड्यावर न थांबता १९८६चा तो सामना पूर्ण नव्वद मिनिटे पाहावा.