रून म्हणजे नेमकं काय? व्हायकिंगांची ही अक्षरं ध्यानासाठी वापरण्याआधी हे वाचा

फोनवरचं ब्लूटूथचं चिन्ह एकदा नीट बघा. ती टोकदार पांढरी आकृती म्हणजे दोन जुनी अक्षरं एकमेकांवर बसवून केलेलं एक प्रकारचं जोडाक्षर आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कवर राज्य करणाऱ्या हॅरल्ड ब्लूटूथ या राजाच्या नावाची ही आद्याक्षरं. ज्या लिपीतली ही अक्षरं आहेत, तिला रून म्हणतात.

हीच अक्षरं हल्ली रील्समध्ये वेगळ्याच रूपात दिसतात. लाकडाच्या किंवा दगडाच्या छोट्या चकत्या, एक कापडी पिशवी, बाजूला मेणबत्ती आणि प्रश्न असतो, 'आजचं तुमचं रून कोणतं?' कुणी त्यावर ध्यान करतं, कुणी डायरी लिहितं, तर कुणी पैसे घेऊन भविष्य सांगतं. आणि जवळपास प्रत्येक जण म्हणतो, 'ही हजारो वर्षांची प्राचीन विद्या आहे.'

यातलं खरंच जुनं काय आणि नवं काय? आणि जुनं नसेल तर ते निरुपयोगी ठरतं का?

रून ही आधी लिपी आहे

उत्तर युरोपातले जर्मानिक भाषा बोलणारे लोक रून लिपी वापरत. डेन्मार्कमधल्या व्हिमोसे इथे सापडलेल्या एका कंगव्यावर रून अक्षरं कोरलेली आहेत. हा कंगवा साधारण इ.स. १६० च्या सुमाराचा मानला जातो.

सर्वांत जुन्या रूपात २४ अक्षरं होती. पहिल्या सहा अक्षरांच्या उच्चारांवरून त्या वर्णमालेला 'फुथार्क' म्हणतात. आपण मुळाक्षरांना 'अआइई' किंवा 'कखगघ' म्हणावं, तसंच. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या किल्व्हर दगडावर ही सगळी अक्षरं क्रमाने कोरलेली आहेत. तो दगड साधारण इ.स. ४०० चा.

इथे एक गंमत आहे. रील्समध्ये ज्यांना 'व्हायकिंग रून' म्हणतात, ती बहुतेक वेळा ही जुनी २४ अक्षरं असतात. प्रत्यक्षात व्हायकिंग काळात वर्णमाला १६ अक्षरांची झाली होती. ब्लूटूथचं चिन्ह त्या १६ अक्षरांतून आलं आहे.

लोक यात काय लिहायचे?

बरंचसं रोजचंच. स्वीडनमधल्या बहुतेक रूनदगडांवर मेलेल्या नातेवाइकांच्या आठवणी आहेत. अमुक माणसाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ हा दगड उभारला, अशा धर्तीच्या. नॉर्वेतल्या बर्गन शहरात १९५५ च्या आगीनंतर उत्खनन झालं, तेव्हा रून कोरलेल्या शेकडो वस्तू मिळाल्या. त्यात मालावर बांधायच्या नावाच्या पट्ट्या होत्या, प्रार्थना होत्या, आणि गीडा नावाच्या बाईने कुणाला तरी 'घरी ये' असं सांगितल्याचा निरोपही होता. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हॉट्सॲप मेसेज.

मग अध्यात्म कुठून आलं?

ते पूर्णपणे बनावट नाही. 'रून' या शब्दाच्या जुन्या जर्मानिक रूपांत 'गूढ', 'गुपित' असा अर्थ आहे. आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या हस्तलिखितातल्या 'हावामाल' या काव्यात ओडिन देवाची कथा येते. भाल्याने जखमी झालेला ओडिन नऊ रात्री झाडाला लटकून राहतो. अन्नपाणी नाही, कुणाची मदत नाही. शेवटी त्याला रून मिळतात. तपश्चर्येतून विद्या मिळण्याची ही गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही.

चिठ्ठ्या टाकून कौल घेण्याचा उल्लेखही जुना आहे. रोमन लेखक टॅसिटस याने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मानिक टोळ्यांबद्दल लिहिलं. झाडाची फांदी तोडून तिचे तुकडे करायचे, त्यांवर खुणा करायच्या, ते पांढऱ्या कापडावर टाकायचे आणि तीन उचलायचे, असं तो सांगतो. पण त्या खुणा म्हणजे रूनच होत्या, असं तो कुठेही म्हणत नाही.

'एगिलची सागा' या आइसलँडिक कथेत तर सरळ इशाराच आहे. एक मुलगी आजारी असते. तिच्या अंथरुणात देवमाशाच्या हाडावर कोरलेली रून अक्षरं एगिलला सापडतात. एका अडाणी तरुणाने ती चुकीची कोरलेली असतात आणि त्यामुळे तिचा आजार आणखी वाढलेला असतो. एगिल ती खरवडून जाळून टाकतो आणि बजावतो, ज्याला रून वाचता येत नाहीत त्याने ती कोरू नयेत.

अक्षरांचे 'अर्थ' कोणी ठरवले?

प्रत्येक अक्षराला नाव होतं आणि ते नाव म्हणजे एक साधा शब्द होता. ही नावं आपल्याला मुख्यतः मध्ययुगीन 'रून कवितां'मधून कळतात. अशा तीन कविता महत्त्वाच्या आहेत, जुन्या इंग्रजीतली, नॉर्वेजियन आणि आइसलँडिक. 'फेहू', 'इसा' ही आज वापरली जाणारी रूपं भाषाशास्त्रज्ञांनी मागे जाऊन बांधलेली आहेत.

पहिलं अक्षर फेहू. अर्थ, गुरंढोरं आणि त्यावरून संपत्ती. या शब्दाचं आपल्याशी थेट नातं आहे. फेहू आणि संस्कृत 'पशु' हे एकाच मूळ शब्दापासून आले आहेत. मराठीत आजही 'पशुधन' म्हणतात, तोच विचार. तसंच 'मन्नाझ' म्हणजे माणूस, आणि त्याचं नातं 'मनु', 'मनुष्य' या शब्दांशी जोडलं जातं.

कवितांमध्ये फेहूबद्दल काय म्हटलंय ते बघा. इंग्रजी कविता म्हणते, संपत्तीचा आधार असतो, पण ती वाटायला हवी. नॉर्वेजियन कविता म्हणते, संपत्तीमुळे नात्यातल्या माणसांत भांडणं लागतात. रील्समध्ये मात्र फेहूचा अर्थ एवढाच उरतो, 'लवकरच पैसा येणार!'

आजची पद्धत किती जुनी?

ऑस्ट्रियातल्या गीडो फॉन लिस्ट याने १९०८ मध्ये १८ रूनांची स्वतःची मालिका पुस्तकातून मांडली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने दिसत नसताना ती आपल्याला उमगली, असं तो सांगायचा. पिशवीतून चकती काढून स्वतःकडे बघायची आजची पद्धत लोकप्रिय केली ती अमेरिकन लेखक राल्फ ब्लम यांच्या १९८२ च्या पुस्तकाने. त्यांच्या संचात २४ अक्षरांसोबत एक कोरी चकतीही होती. अनेक जण तिला 'नियतीचं रून' समजतात. पण कोरी चकती म्हणजे अक्षरच नाही, आणि जुन्या कुठल्याही वर्णमालेत ती नाही.

'अक्षर उलटं आलं तर वाईट' हा नियमही टॅरोच्या पत्त्यांसारखा आहे. रून कवितांमध्ये उलट्या अक्षरांचे वेगळे अर्थ नाहीत.

टॅटू काढण्याआधी

नाझींनी रून अक्षरं मोठ्या प्रमाणावर वापरली. एसएस या संघटनेचं चिन्ह म्हणजे विजेसारखी दिसणारी दोन रून अक्षरं. जर्मनीत ते चिन्ह सार्वजनिक ठिकाणी मिरवणं दंडसंहितेच्या कलम ८६ (अ) नुसार गुन्हा ठरतो. 'ओथला' हे वडिलोपार्जित वारशाचं रून आजही काही वंशवादी गट वापरतात. अक्षरांचा यात दोष नाही, हे आपल्याला स्वस्तिकावरून चांगलं माहीत आहे. पण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात जाणार असाल, तर दंडावरचं चिन्ह समोरचा कसं वाचेल, याचा आधी विचार करा.

ध्यानासाठी कसं वापरता येईल?

महागडा संच लागत नाही. पुठ्ठ्याचे २४ तुकडे पुरतात. अक्षरं स्वतःच्या हाताने काढलीत तर ती लक्षातही राहतात.

१. शांत बसा, दोन-तीन मिनिटं फक्त श्वासाकडे लक्ष द्या.

२. एक चकती काढा. अक्षराचा आकार बघा, नाव मनात म्हणा.

३. लगेच 'अर्थ' शोधू नका. त्या वस्तूचाच विचार करा. समजा 'इसा' आलं. इसा म्हणजे बर्फ. नॉर्वेजियन कवितेत बर्फ हा रुंद पूल आहे, इंग्रजी कवितेत तो थंडगार, निसरडा आणि चमकणारा आहे.

४. आता स्वतःला एक प्रश्न विचारा. माझ्या आयुष्यात सध्या काय गोठलंय? ज्यावरून चालता येईल असं वाटतंय, ते खरंच तेवढं पक्कं आहे का?

५. चार ओळी लिहा, तारीख टाका. महिन्याभराने परत वाचा.

'नोकरी मिळेल का?' ऐवजी 'या नोकरीची मला भीती का वाटते?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चकती देऊ शकत नाही. दुसऱ्याचं उत्तर तुमच्याकडेच असतं, चकती फक्त पाच मिनिटं थांबायला निमित्त देते.

कुठे थांबायचं?

आजारपण, गुंतवणूक, लग्न, घटस्फोट यांचे निर्णय चकतीवर सोडू नका. मन सतत उदास असेल, झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. 'तुमच्यावर वाईट रूनचा प्रभाव आहे, तो काढायला इतके पैसे लागतील' असं कुणी म्हणालं, तर तिथेच चॅट बंद करा.

रून घेऊन ध्यान करण्याची आजची पद्धत हजारो वर्षं जुनी नाही. पण डायरी लिहिण्याची सवय उपयोगी पडण्यासाठी ती प्राचीन असावी लागत नाही. अक्षरं खरंच जुनी आहेत, त्यांची नावं गुरं, बर्फ, प्रवास, पीक अशा साध्या गोष्टींची आहेत, आणि विचार करायला तेवढं पुरेसं आहे. वापरा जरूर, फक्त एगिलचा सल्ला लक्षात ठेवा, आधी वाचायला शिका.