अल्बियन: नकाशावर नसलेला देश

आज एका गाण्यापासून सुरुवात करूया. २००५ साली बेबीशॅम्बल्स या इंग्लिश इंडी रॉक बँडचं ‘अल्बियन’ आलं. गायक पीट डोहर्टी.

अल्बियन हे ब्रिटनचं प्राचीन नाव. पहिल्या शतकात प्लिनीसुद्धा ते ‘पूर्वीचं नाव’ म्हणूनच नोंदवतो. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने त्याला कथा जोडली: ट्रॉयच्या वंशातला ब्रूटस येतो, तिथल्या राक्षसांना हुसकावतो आणि बेटाला स्वतःचं नाव देतो. पुढे विल्यम ब्लेकने तर अल्बियनला निद्रिस्त महापुरुषच केलं.

आता बघा, जेफ्रीच्या कथेत मायभूमी मिळते ती आधीच्यांना हाकलून. म्हणून असं नाव कुणी घेतलं की आपण जरा सावध होतो. पण या गाण्यात राजे नाहीत, विजय नाहीत. साध्या उपनगरांची, गावांची नावं येतात. डोहर्टीचे वडील सैन्यात, बालपण छावण्या बदलण्यात गेलेलं. एक गाव वाट्याला न आलेल्या माणसाने सगळीच गावं आपली म्हटली, असं आम्हाला वाटतं. या अल्बियनमधून कुणाला हाकलावं लागत नाही.