मेंदूंतील वाळू व वार्धक्य

एका स्नेह्यांनीं आपल्या संग्रहांतील 'षट्चक्रनिरूपणा'ची पोथी नुकतीच प्रस्तुत लेखकास पाहावयास दिली. आज्ञाचक्राच्या वर्णनाशेजारीं समासांत शिसपेन्सिलीनें लिहिलें आहे : 'पीनियल ग्रंथि. हिच्यांत चुना सांचला कीं वार्धक्य.' पूर्णानंदाचा हा ग्रंथ इ. स. १५७७ चा, त्यांत आज्ञाचक्र भ्रूमध्यीं सांगितलें आहे, मेंदूंतील या ग्रंथीचा उल्लेखही नाहीं. ती ग्रंथि म्हणजे शिवाचा तृतीय नेत्र, हें मत ब्लॅव्हॅट्स्कीबाईंच्या १८८८ सालच्या 'सीक्रेट डॉक्ट्रिन' ग्रंथामुळें पसरलें. टिपणाचा पूर्वार्ध येथें निकालांत निघतो. उत्तरार्ध मात्र विचारणीय आहे.

मेंदूच्या मध्यांत असलेली ही ग्रंथि वाटाण्याहून मोठी नाहीं. मेंदूंतील इतर भाग जोडीनें असून हीच एक एकटी, एवढ्यावरून देकार्तनें तिला आत्म्याचें मुख्य आसन ठरविलें. १६४० सालीं मर्सेनला लिहिलेल्या पत्रांत तो मोठ्या प्रांजलपणें कळवितो कीं, तीन वर्षांपूर्वीं लायडन येथें एका स्त्रीच्या शवच्छेदाच्या प्रसंगीं पुष्कळ शोधूनही ती आपणांस ओळखतां आली नाहीं. तेथील एका वृद्ध अध्यापकानेंही मनुष्यदेहांत ती कधींच पाहिली नसल्याचें कबूल केलें. याचें कारण तो असें देतो कीं, आंतडीं वगैरे पाहण्यांत कित्येक दिवस घालवून मग डोकें उघडीत. आसन निश्चित, आणि तें पाहिलेला मनुष्य दुर्मिळ !

पुढें खडे दिसूं लागले. ग्युन्ट्स यानें १७५३ त पांच वेड्यांच्या ग्रंथींत ते आढळल्याचें प्रसिद्ध केलें. साहजिकच खडे व वेड यांचा संबंध जोडला गेला. १७८५ त झ्योमरिंग यानें या खड्यांवरच स्वतंत्र प्रबंध लिहिला. ते शहाण्यांच्या मेंदूंतही असतात, सबब तो रोग नव्हे, असें त्याचें मत. त्यानें त्यांस 'लहानशी रास' या अर्थाचें लॅटिन नांव दिलें.

ही वाळू मुख्यतः हाडांदांतांतील खनिजाच्याच जातीची, म्हणजे कॅल्शियम व फॉस्फेट यांची आहे. विसाव्या शतकांत क्ष-किरणांच्या चित्रांत ती मध्यरेषेवर ठिपक्यासारखी दिसे. ठिपका एका बाजूस सरकला असल्यास गांठीचा संशय घेत. वयाबरोबर तिचें प्रमाण सामान्यतः वाढतें हें खरें. परंतु ती बालकांतही सांपडते आणि कित्येक वृद्धांत सांपडत नाहीं. १९५८ त लर्नरनें या ग्रंथींतून मेलाटोनिन वेगळें केलें. त्याचा रात्रींचा स्राव उतारवयांत घटतो, यावरून खड्यांनींच तो घटविला व खड्यांनींच वार्धक्य आणिलें असें म्हणणें ग्युन्ट्सच्याच चुकीची पुनरावृत्ति होय. त्यानें निदान पांच ग्रंथि तरी पाहिल्या होत्या.

पोथीची नोंद सूचींत करतांना हें टिपण 'अर्वाचीन, परहस्ताचें' असें लिहावें, व खोडूं नये, अशी विनंति स्नेह्यांस केली आहे.