कमरेतलं रबर

आजचा इतिहास फार जुना नाही. नव्वदच्या दशकातल्या डोंबिवलीतला आहे.

आमच्या चाळीत तेव्हा बहुतेक पोरांकडे जी.आय. जो असायचा. अमेरिकेत हॅस्ब्रोने हे पावणेचार इंची सैनिक १९८२ मध्ये आणले. आपल्याकडे ते बनवले फनस्कूलने. एमआरएफची ही कंपनी १९८७ सालची, कारखाना गोव्यात. म्हणजे आपला अमेरिकन सैनिक जन्माने गोवेकर!

या सैनिकाच्या कमरेत रबराची छोटी रिंग असायची. धड आणि पाय तीच धरून ठेवायची. ती तुटली की सैनिकाचे दोन तुकडे. मग याचं धड, त्याचे पाय. दिवाळीत किल्ल्यावर मातीच्या मावळ्यांशेजारी हेही पहारा द्यायचे.

पुढे इंटरनेट आलं. फनस्कूलच्या काही सैनिकांचे रंग अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे होते, म्हणून तिकडचे संग्राहक ते शोधू लागले. न फोडलेलं पाकीट असेल तर किंमत आणखी जास्त. हे वाचून मी हळहळलो, खोटं कशाला बोलू!

म्हणून परवा ठाण्यात मुलासाठी हॉट व्हील्सची गाडी घेतली, आणि पाकीट फोडू दिलं नाही. या गाड्या १९६८ पासूनच्या. १९९५ पासून त्यात ‘ट्रेझर हंट’ नावाच्या मोजक्या गाड्याही येतात. म्हटलं, पुढे भाव येईल. संध्याकाळी बघतो तर पोरगा पाकिटासकट गाडी फरशीवर घासतोय. मी ओरडलो, “अरे, कोपरा दुमडेल!” तो गाडी ठेवून निघून गेला.

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या सैनिकांना भाव आला, कारण आम्ही बाकीचे मोडले होते. अमेरिकेत नव्वदच्या दशकात बीनी बेबीज नावाच्या बाहुल्या लोकांनी लेबलासकट जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून त्या दुर्मिळ झाल्याच नाहीत. आज बहुतेकींना फारसा भाव नाही. आणि आपल्या सैनिकाचं रबर? ते न खेळता, बंद पाकिटातही वाळून तुटतं.

रात्री मीच पाकीट फोडलं. गाडीचा रंग आता दोन ठिकाणी उडालाय, एक चाक वाकडं झालंय. पोरगा रोज ती सोफ्यावरून खाली उडवतो.

तुमच्या माळ्यावर एखादा बिनपायांचा सैनिक असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.