मेंदूजन्य दृष्टिदोष : साहाय्य व समन्वय
मेंदूतील दृष्टिमार्ग किंवा दृष्टिकेंद्रे यांना इजा झाल्याने उद्भवणारा दृष्टिदोष. मुदतपूर्व जन्म, जन्मवेळी प्राणवायूची कमतरता, नवजात अर्भकाच्या रक्तातील साखर फार उतरणे ही मुलांमधील ठळक कारणे. प्रौढांत पक्षाघात व डोक्याला मार. केवळ डोळा तपासून त्याचा उलगडा होत नाही. मोकळ्या ताटातली लाल वाटी मूल चटकन उचलते, भरल्या ताटात तीच त्याला सापडत नाही. काहींना हलती वस्तू दिसते, स्थिर वस्तू निसटते. जखमी सैनिकांतील हे वैशिष्ट्य जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ मध्ये नोंदवले. अशा मुलाला हट्टी किंवा मंद ठरवणे हा अन्यायच होय.

स्कॉटिश नेत्रतज्ज्ञ गॉर्डन डटन यांनी पालकांना मुलाच्या रोजच्या वागण्याविषयी नेमके प्रश्न विचारण्यावर भर दिला. त्या उत्तरांच्या आधारे नेत्रतज्ज्ञ, बालमेंदूविकारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांना एकच आराखडा आखावा लागतो : पानावर एका वेळी एकच चित्र, मोकळी भिंत, कमी गोंगाट, उत्तरासाठी पुरेसा अवधी. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अंधत्व व अल्पदृष्टी यांच्या व्याख्या मात्र दृष्टीची तीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र यांवरच आधारलेल्या आहेत.