फ्लॉवरचे फ्रिजमधील झटपट लोणचे : योग्य प्रमाण, पद्धत आणि साठवणुकीची मर्यादा

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फ्लॉवरची आवक वाढते आणि दर घसरतात. अनेकदा तोडणी, पोती आणि गाडीभाडे यांचा खर्चही निघत नाही. अशा वेळी घरासाठी ठेवलेल्या किंवा बाजारातून परत आलेल्या गड्ड्यांचे काय करायचे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. व्हिनेगरमधील झटपट लोणचे हा त्यावरील एक सोपा घरगुती पर्याय आहे. ऊन दाखवायला नको, तेल लागत नाही आणि तासाभरात काम होते. मात्र हे लोणचे फ्रिजमध्येच टिकते, बाहेर टिकत नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका गावात प्रशिक्षणासाठी गेलो होतो. तेथील बचत गटाच्या ताईंनी असे लोणचे करून आठवडी बाजारात विकण्यासाठी आठ-दहा बाटल्या भरल्या होत्या. बाटल्या घरातील फळीवर होत्या. दोन बाटल्यांची झाकणे फुगली होती, पाणी गढूळ झाले होते. “फार आंबट झालं म्हणून पाणी वाढवलं सर. लोणचंच आहे, बाहेर ठेवलं तर काय होतंय?” असे त्यांचे म्हणणे होते. सर्व बाटल्या फेकाव्या लागल्या. चूक त्यांच्या मेहनतीत नव्हती. या लोणच्याचा नियम आपल्या नेहमीच्या लोणच्यापेक्षा वेगळा असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

नेहमीच्या लोणच्यापेक्षा वेगळे कसे?

कैरीचे लोणचे वर्षभर टिकते, कारण कैरी मुळातच आंबट असते. त्यात मिठाचे प्रमाण भरपूर असते आणि वरून तेलाचा थर असतो. फ्लॉवर ही कमी आम्लाची भाजी आहे. तिच्यात स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतो. झटपट लोणच्यात मीठही बेताचे असते. त्यामुळे हे लोणचे फक्त दोन गोष्टींवर टिकते : व्हिनेगरचे आम्ल आणि फ्रिजचा थंडावा. यातील एक जरी कमी पडली तरी लोणचे बिघडते.

बंद बाटलीत हवा नसते. अशा ठिकाणी आम्ल कमी असेल, म्हणजे सामू ४.६ पेक्षा जास्त असेल आणि बाटली उबदार जागी असेल, तर बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. त्यांच्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. म्हणून “थोडे चाखून पाहू” ही तपासणीची पद्धत येथे चालत नाही.

गड्ड्याची निवड

- गड्डा घट्ट, पांढरा आणि ताजा असावा. शक्यतो सकाळी काढणी करून त्याच दिवशी लोणचे करावे.
- काढणी लांबलेले, सुटलेले किंवा भाताच्या कणांसारखे रवाळ झालेले गड्डे टाळावेत. त्यांचे तुरे गरम द्रावणात लवकर मऊ पडतात.
- उन्हामुळे पिवळसर झालेला गड्डा खाण्यास चालतो, फक्त लोणच्याला पांढरा रंग येत नाही. पुढील हंगामात गड्डा तयार होताना बाहेरची पाने त्यावर दुमडावीत किंवा बांधावीत.
- आतून पोकळ दांडा आणि तपकिरी डाग ही बहुधा बोरॉनच्या कमतरतेची लक्षणे असतात. असा भाग कापून टाकावा.
- कुजलेले, काळे ठिपके पडलेले किंवा बुरशी आलेले तुरे काढून टाकावेत. “लोणच्यात खपून जाईल” असा विचार करू नये.
- कीडनाशकाची फवारणी झाली असल्यास लेबलवर दिलेला काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला असावा. धुण्याने किंवा व्हिनेगरने अवशेष पूर्ण जातात असे समजू नये.

व्हिनेगर घेताना लेबल वाचा

या कृतीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. परदेशी पाककृतींमध्ये “व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात” असे लिहिलेले असते. ते प्रमाण ५ टक्के आम्लतेच्या व्हिनेगरसाठी असते. आपल्याकडील मानकांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड असावे लागते आणि दुकानात ४ टक्क्यांच्या बाटल्या सर्रास मिळतात. त्यात तेवढेच पाणी मिसळले तर आम्ल कमी पडते. म्हणून ६०० मिलि द्रावणासाठी प्रमाण असे ठेवावे :

- ५ टक्के व्हिनेगर असल्यास : व्हिनेगर ३०० मिलि + पाणी ३०० मिलि
- ४ टक्के व्हिनेगर असल्यास : व्हिनेगर ३७५ मिलि + पाणी २२५ मिलि

दोन्हींमध्ये १५ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड येते. लेबलवर आम्लतेचा उल्लेख नसेल तर ते व्हिनेगर या कामासाठी घेऊ नये. सुटे मिळणारे तीव्र ॲसेटिक ॲसिड घरी पाण्यात मिसळून वापरू नये. ते त्वचा आणि डोळ्यांना इजा करते आणि खाण्यायोग्य दर्जाचे असेलच असे नाही.

लिंबाच्या रसाची आम्लता फळागणिक बदलते. त्यामुळे या कृतीत व्हिनेगरऐवजी लिंबू वापरू नये. चवीसाठी वाढताना पिळण्यास हरकत नाही.

साहित्य (१ लिटरच्या एका बाटलीसाठी)

- फ्लॉवरचे तुरे : ५०० ग्रॅम (पाने व जाड दांडा काढून केलेले वजन). यातील १०० ग्रॅमपर्यंत तुऱ्यांऐवजी गाजराच्या चकत्या घेता येतात.
- व्हिनेगर व पाणी : वरीलप्रमाणे एकूण ६०० मिलि
- मीठ : २० ग्रॅम
- साखर : २५ ग्रॅम
- मोहरी : १ चमचा
- काळी मिरी : ८ ते १० दाणे
- हळद : पाव चमचा
- हिरव्या मिरच्या : ३ ते ४, उभ्या चिरून
- लसूण : ५ ते ६ पाकळ्या, आल्याचे पातळ काप थोडे

मीठ, साखर आणि मसाले चवीनुसार थोडे कमी-जास्त करता येतात. व्हिनेगर कमी किंवा भाजी जास्त करू नये. फार आंबट वाटल्यास साखर थोडी वाढवावी, पाणी वाढवू नये.

पाणी गाळलेले, पिण्याचे असावे. क्षार जास्त असलेल्या बोअरच्या पाण्याने द्रावण गढूळ होते आणि आम्लही थोडे कमी होते.

कृती

१. तुरे साधारण एका घासाच्या, म्हणजे ३ ते ४ सेंमी आकाराचे करावेत. दांड्याचा कोवळा भाग सोलून चकत्या करून घेता येतो.

२. वाहत्या पाण्याखाली धुवावेत. नंतर १ लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ टाकून त्यात १० ते १५ मिनिटे बुडवावेत. आत लपलेल्या अळ्या व मावा बाहेर येतो. पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावेत.

३. काचेची बाटली साबणाने धुऊन १० मिनिटे पाण्यात उकळावी. झाकण गरम पाण्याने स्वच्छ करावे. गंजलेले किंवा चिरलेले झाकण वापरू नये.

४. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात तुरे २ मिनिटे ठेवावेत आणि लगेच थंड पाण्यात काढावेत. यामुळे तुऱ्यांमधील हवा निघते, वरचे जिवाणू कमी होतात आणि व्हिनेगर आतपर्यंत शिरते. जास्त वेळ उकळल्यास तुरे मऊ पडतात.

५. तुरे चाळणीत पूर्ण निथळावेत आणि स्वच्छ कापडावर १० मिनिटे पसरावेत. अंगावर राहिलेले पाणी द्रावण पातळ करते.

६. स्टीलच्या पातेल्यात व्हिनेगर, पाणी, मीठ, साखर व हळद एकत्र करून उकळी आणावी. ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळेचे भांडे वापरू नये, आम्लामुळे धातू द्रावणात उतरतो. उकळी येताच गॅस बंद करावा, कारण जास्त वेळ उकळल्यास आम्ल वाफेबरोबर उडते.

७. बाटलीत आधी मोहरी, मिरी, लसूण, आले व मिरच्या टाकाव्यात, त्यावर तुरे भरावेत. बाटली कोमट असावी आणि जाड कापडावर ठेवावी, म्हणजे तडकणार नाही.

८. गरम द्रावण ओतावे. सर्व तुरे बुडाले पाहिजेत. वर साधारण १ सेंमी जागा ठेवावी. स्वच्छ चमच्याच्या दांड्याने हवेचे बुडबुडे काढावेत. द्रावण थोडे उरल्यास ठेवून द्यावे, भरीसाठी कामी येते.

९. झाकण लावून बाटली थंड होऊ द्यावी आणि भरल्यापासून २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी.

लोणचे २४ तासांनी खाता येते. चव तिसऱ्या दिवसापासून चांगली लागते.

वरून तेल घालू नये

आपल्याकडे लोणच्यावर फोडणीचे तेल घालण्याची सवय आहे. या लोणच्यात तसे करू नये. तेलात अडकलेल्या लसूण, मिरचीच्या तुकड्यांपर्यंत आम्ल नीट पोहोचत नाही आणि तेथे हवाही नसते. फोडणी आवडत असल्यास वाढण्याच्या वेळी वाटीत काढलेल्या लोणच्यावर घालावी.

साठवण

- फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्यापेक्षा कमी असावे. दारातील कप्पा सर्वांत उबदार असतो, म्हणून बाटली आतल्या बाजूला मागे ठेवावी.
- ३ ते ४ आठवड्यांत लोणचे संपवावे. बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहावी.
- कोरडा, स्वच्छ चमचा वापरावा. उष्टा चमचा किंवा बोटे घालू नयेत.
- संपलेल्या लोणच्याच्या द्रावणात नवीन तुरे टाकू नयेत. पहिल्या तुऱ्यांनी त्यातील आम्ल शोषलेले असते.
- वीज गेल्यास फ्रिजचे दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण ४ तास थंडावा धरतो. ज्या गावात रोज यापेक्षा जास्त भारनियमन असते, तेथे अर्धी बाटलीच करावी आणि आठवड्यात संपवावी.

अडचणी व कारणे

- तुरे गुलाबी झाले : फ्लॉवरमधील नैसर्गिक रंगद्रव्याची आम्लाशी क्रिया होते. अपायकारक नाही.
- लसूण निळसर-हिरवा झाला : हीसुद्धा आम्लामुळे होणारी नैसर्गिक क्रिया आहे. खाण्यास हरकत नाही.
- तुरे मऊ पडले : जास्त उकळणे, जुना किंवा सुटलेला गड्डा ही कारणे असतात.
- द्रावण पहिल्या दिवसापासून किंचित धूसर : बारीक मिठातील घटक, हळद किंवा पाण्यातील क्षार यामुळे होते.
- द्रावण नंतर गढूळ झाले, बुडबुडे आले, झाकण फुगले, बुरशी किंवा चिकट तार दिसली : लोणचे बिघडले आहे. चाखू नये. वरचा थर काढून उरलेले वापरू नये. जनावरांनाही देऊ नये, पूर्ण बाटली टाकून द्यावी.

विक्रीचा विचार करताना

घरगुती वापर आणि विक्री यांत मोठा फरक आहे. बाटली ग्राहकाच्या हाती गेल्यावर ती थंडीत राहील याची खात्री आपल्याला नसते. म्हणून ही कृती आहे तशी आठवडी बाजार, प्रदर्शन किंवा किराणा दुकानासाठी वापरू नये. विक्रीसाठी लहान व्यावसायिकांनाही एफएसएसएआय नोंदणी लागते. बाहेर टिकणाऱ्या उत्पादनासाठी आम्लाचे वेगळे प्रमाण, बाटलीबंद केल्यावरची उष्णता प्रक्रिया आणि तपासणी आवश्यक असते. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रातील गृहविज्ञान किंवा अन्नप्रक्रिया विषयतज्ज्ञांचे मार्गदर्शन घ्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गटांच्या प्रशिक्षणात सामू मोजून दाखवावा. लोणचे भरल्यानंतर ३ ते ४ दिवसांनी, तुरे व द्रावण एकत्र वाटून मोजमाप करावे. नुसत्या द्रावणाचा सामू फसवा असतो, कारण तुऱ्याच्या गाभ्यापर्यंत आम्ल मुरायला वेळ लागतो. सामू ४.६ च्या खाली असलाच पाहिजे, ४.० किंवा त्याहून कमी असल्यास उत्तम. हळदीमुळे कागदी पट्टीचा रंग नीट कळत नाही, म्हणून मीटर वापरावा किंवा चाचणीची बाटली हळदीशिवाय करावी.

एक गोष्ट स्पष्ट असावी. या लोणच्याने पडलेल्या दरातील प्लॉट वाचत नाही. एका घरात त्यातून चार-पाच गड्डे मार्गी लागतात. क्विंटलने माल शिल्लक असेल तर तुरे वाळवणे, गोठवणे किंवा पुढील हंगामात टप्प्याटप्प्याने लागवड करणे, या दिशेने विचार करावा लागेल.

लक्षात ठेवण्याचे मुद्दे

- व्हिनेगरची टक्केवारी पाहूनच पाणी मोजावे.
- आंबटपणा कमी करण्यासाठी पाणी वाढवू नये.
- वरून तेल घालू नये.
- पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावे, ३ ते ४ आठवड्यांत संपवावे.
- शंका आल्यास चाखू नये, टाकून द्यावे.